चुकांचा रोजमेळ

व्यापारी घराण्यांत रोजमेळ मिळाल्यावाचून दुकान बंद होत नसे. रोकड आणि वही यांत एका रुपयाचा फरक पडला, तरी तो सापडेपर्यंत मुनीमजी गादीवरून उठत नसत. आज त्याच घराण्यांतील अनेक मुले-मुली संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. तेथे तर या शिस्तीची गरज अधिकच आहे. वहीतील चूक बहुधा एका खात्यापुरती राहते. बिले करणाऱ्या प्रोग्रॅममधील चूक मात्र शेकडो बिलांत उमटते.

या शिस्तीचा आदर्श अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांनी घालून दिला. गणिताचे ग्रंथ सुबक छापले जावेत म्हणून त्यांनी ‘टेक’ ही संगणकप्रणाली रचली. १९७८ पासून तिच्यात सापडलेल्या चुका व केलेल्या सुधारणा त्यांनी क्रमवार नोंदविल्या. कोठे रीत चुकली, कोठे विस्मरण झाले, कोठे केवळ अक्षर चुकले, असे त्यांचे १५ प्रकार पाडले आणि १९८९ मध्ये ८०० हून अधिक नोंदींची ती यादी स्वतःच प्रसिद्ध केली. त्यांच्या ग्रंथातील चूक प्रथम दाखविणाऱ्यास ते २.५६ डॉलरचा धनादेश पाठवीत. धनादेशांच्या गैरवापराच्या धास्तीने २००८ पासून त्याऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र ते देऊ लागले. बक्षिसाची प्रथा मात्र सोडली नाही.

जैन कुटुंबांना ही वृत्ती परकी नाही. प्रतिक्रमणात दिवसभरातील दोषांची आलोचना केली जाते आणि ते पुन्हा न घडावेत असा निश्चय होतो. त्याचे प्रयोजन आत्मशुद्धीचे, म्हणून फार थोर. तरी स्वतःचा दोष स्वतः पाहण्याची सवय व्यवसायातही तारक ठरते.

नवोदित प्रोग्रॅमरने चार नियम पाळावेत. वाचताच अर्थ कळेल अशी नावे द्यावीत. काम लहान भागांत विभागून प्रत्येक भाग तपासावा. प्रत्येक बदलाचे कारण लिहून ठेवावे. सहकाऱ्याने चूक दाखविल्यास राग न मानता ती वहीत नोंदवावी. महिन्याअखेरीस ती वही चाळली की एकच दोष पुनःपुन्हा का घडतो, हे उमगू लागते.

घरातील वडीलधाऱ्यांनीही पगाराच्या आकड्याबरोबर या वहीची चौकशी करावी. चूक सांगितल्याबद्दल जेथे बोलणी बसतात, तेथे चूक लपविण्याची सवय लागते. आणि लपविलेली चूक व्याजासह परत येते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.