फौजीचा कोटा: ऐकीव काय, खरं काय

साताऱ्याजवळचं अपशिंगे असो की कोल्हापूर जिल्ह्यातलं सैनिक टाकळी, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं पाठवणाऱ्या गावांतही तलाठी भरतीची जाहिरात आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "तुझे वडील मिलिटरीत होते ना? मग तुला कोटा आहे."

नाही. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या पदांवर १५ टक्के जागा राखीव असतात, त्या माजी सैनिकासाठी. म्हणजे नोकरी करून आलेल्या माणसासाठी, त्याच्या मुलासाठी नव्हे. धडधाकट निवृत्त झालेल्या हवालदाराच्या मुलाने अर्जात 'माजी सैनिक' या रकान्यावर टिचकी मारली, तर कागदपत्रांच्या छाननीत तो दावा टिकत नाही. कुटुंबासाठी वाट आहे, पण अरुंद. या राखीव जागा भरताना पहिली पसंती सैनिकी सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला. त्यानंतर जागा उरल्या तर सेवेत मृत्यू आलेल्या किंवा अपंगत्वामुळे नोकरीला अयोग्य ठरलेल्या सैनिकाच्या कुटुंबातल्या फक्त एका व्यक्तीला. जाहिरातीत 'फक्त एका' असे शब्दच असतात. दोघा भावांनी अर्ज भरण्याआधी घरात बसून ठरवलेलं बरं.

केंद्राचं गणित वेगळं. तिथे गट क मध्ये १० टक्के. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत मात्र गट क साठी साडेचौदा आणि गट ड साठी साडेचोवीस टक्के, आणि त्यातले साडेचार टक्के अपंग माजी सैनिक व युद्धात कामी आलेल्यांच्या वारसांसाठी. अधिकारीपदाच्या परीक्षांत वयाची सूट मिळते, पण आयएएस-आयपीएसच्या जागांत सैनिकांचा वाटा नाही.

दुसरा घोळ 'सैनिक' कोणाला म्हणायचं याचा. गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवाद्यांशी लढलेला सीआरपीएफचा जवान या नियमांत माजी सैनिक ठरत नाही. बीएसएफ, सीआयएसएफचंही तेच. नियम भूदल, नौदल आणि हवाई दल एवढेच धरतो. हे न्याय्य आहे का, यावर वाद घालता येईल आणि घालायला हवा. पण अर्ज भरताना तो वाद कामाचा नाही. तीन दलांतूनही पेन्शन लागू होण्याआधी स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडून आलेला सहसा बाहेरच राहतो. शिस्तभंगाखाली काढलेल्याचा तर प्रश्नच नाही. अग्निवीरांना चार वर्षांनंतर पेन्शन नाही आणि आपोआप माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये केंद्राने निमलष्करी दलांत १० टक्के जागांची वेगळी घोषणा केली. या दोन सवलती एकच समजू नयेत.

काही गैरसमज उलट्या दिशेचेही आहेत आणि त्यात नुकसान जास्त. चाळिशीला आलेले माजी सैनिक 'आता वय गेलं' म्हणून जाहिरात बाजूला ठेवतात. समजा, एक जण १९ व्या वर्षी भरती झाला आणि १७ वर्षांची नोकरी करून ३६ व्या वर्षी घरी आला. आज तो ४० चा आहे आणि केंद्राच्या पदाची कमाल मर्यादा २७ आहे. चाळिसातून सेवेची १७ वजा केली की उरतात २३. शिवाय मर्यादेवर तीन वर्षांची सवलत, म्हणजे उत्तर ३० पर्यंत आलं तरी चालतं. या पदासाठी हा माणूस ४७ पर्यंत अर्ज करू शकतो! शिक्षणाचंही तसंच. दहावी पास आणि १५ वर्षांची सेवा असेल, तर तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या, पदवी मागणाऱ्या गट क च्या राखीव पदांनाही तो पात्र धरला जातो.

एवढं होऊनही परीक्षा द्यावीच लागते. हे आरक्षण समांतर आहे, त्यामुळे राखीव जागा खुला, इमाव, अनुसूचित जाती अशा त्या त्या प्रवर्गाच्या आतच धरल्या जातात. पात्र माजी सैनिक मिळाला नाही, तर जागा पुढच्या भरतीसाठी राखून ठेवत नाहीत. ती त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते. कोटा रिकामा राहिला तर पुढच्या खेपेला वाढून मिळेल, ही आशा म्हणूनच फोल.

'नोकरी लागली की पेन्शन बंद' हेही चूक. केंद्राच्या नोकरीत शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंतच्यांचा पगार ठरवताना फौजेची पेन्शन विचारातच घेत नाहीत. दोन्ही सुरू राहतात.

खरी चूक होते ती घाईत. कोट्यातून एकदा मुलकी नोकरीत रुजू झालं की आरक्षण संपतं, वयाची सूट तेवढी उरते. केंद्राने ऑगस्ट २०१४ मध्ये यातून एक वाट काढून दिली: रुजू होण्याआधी इतर कोणकोणत्या पदांसाठी अर्ज केले होते, हे रुजू होताच नव्या कार्यालयाला लेखी कळवलं, तर त्या अर्जांपुरता कोटा शाबूत राहतो. म्हणून हातात शिपायाची ऑर्डर असेल आणि कारकुनाचा निकाल यायचा असेल, तर हजर होताच हे स्वयंघोषणापत्र लिहून द्यावं आणि त्याची पोच डिस्चार्ज बुकासोबत जपून ठेवावी. फौजेत अजून वर्षभर काढायचं असलेल्यांनाही आताच अर्ज करता येतो. त्यासाठी युनिटकडून दाखला लागतो आणि तो मागायला उशीर करू नये. नमुने व माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.