रक्तदाबाच्या गोळीला आठवडा का लागतो?

राहाता-शिर्डी भागात अनेकांना रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिनची गोळी दिली जाते. ती सुरू करून दोन-तीन दिवस झाले, की तक्रार येते, "बीपी काही उतरत नाही." यात बहुतेकदा दोष गोळीचा नसतो. शरीराचा हिशेब समजला की घाई होत नाही.

गोळी रक्तात उतरते आणि त्याच वेळी शरीर ती बाहेर काढू लागतं. अॅम्लोडिपिनचं हे काम मुख्यतः यकृत करतं. काही औषधं मूत्रपिंडातून, म्हणजे किडनीतून जातात. दर तासाला जितकं रक्त औषधापासून पूर्ण मोकळं होतं, त्या मापाला क्लिअरन्स म्हणतात.

रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. अॅम्लोडिपिनचं ते साधारण 30 ते 50 तास आहे. म्हणून दुसरी गोळी घेताना पहिलीतलं बरंचसं औषध शिल्लक असतं आणि पातळी चढत जाते.

पातळी चढते तसं बाहेर जाणारं औषधही वाढतं. रोज येणारं आणि रोज जाणारं सारखं झालं, की पातळी एका जागी टिकते. तीच स्थिर पातळी. ती गाठायला चार-पाच अर्धायुष्यं, म्हणजे सुमारे आठवडाभर लागतो.

इथेच चूक होते. स्वतःच्या मनाने दोन गोळ्या घेतल्या, तरी स्थिरावायला तेवढेच दिवस लागतात. फक्त शेवटची पातळी दुप्पट होते. मग पाय सुजतात, चक्कर येते. एखादी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

दुसरी चूक क्लिअरन्स कमी झाल्याचं लक्षात न येण्याची. तो निम्मा झाला, तर त्याच डोसवर पातळी दुप्पट होते. हृदयरोगात दिलं जाणारं डिजॉक्सिन मुख्यतः किडनीतून जातं. निरोगी माणसात त्याचं अर्धायुष्य दीड-दोन दिवसांचं असतं. किडनी निकामी झाल्यास ते साडेतीन ते पाच दिवसांवर जातं. जुनाच डोस चालू राहिला, तर मळमळ होते, हृदयाचे ठोके बिघडतात.

वय झालेल्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीच्या कामाची रक्ततपासणी लोणीच्या प्रवरा रुग्णालयात किंवा जवळच्या लॅबमध्ये डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावी. सांधेदुखीच्या गोळ्या परस्पर घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. त्या किडनीला त्रास देतात आणि बीपीही वाढवतात.

गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. डोस वाढवायचा की कमी करायचा, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.