शुश्रूषा : सेवा की विद्या?

मंडळी, ‘शुश्रूषा’ हा शब्द आपण रोज वापरतो आणि ‘रुग्णसेवा’ असा अर्थ करून मोकळे होतो. पण संस्कृतात हा ‘श्रु’ धातूचा इच्छार्थक शब्द. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा! आधी गुरूचं ऐकणं, त्यावरून त्याची सेवा, मग आजाऱ्याची. पुढे सेवा तेवढी उरली, ऐकणं गळालं.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच. उपचाराचं ज्ञान, हातातलं कसब, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. यादीत आधी ज्ञान येतं बरं का, माया नंतर.

मग हे ज्ञान कसलं? जरा मिरजेला जाऊ. डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल काढलं ते हे गाव, आणि तंतुवाद्यांच्या कारागिरांचंही हेच. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. किती घासायचं हे पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. वॉर्डातही तसंच. दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियम पाठ होतो. पण या म्हाताऱ्याला कुठे धरून वळवलं की कळ येणार नाही, हे त्याच्या चेहऱ्याकडे बघतच शिकावं लागतं.

तुलना मात्र इथे संपते. अॅरिस्टॉटल निर्मिती आणि आचरण वेगळं करतो : निर्मितीचं साध्य कृतीबाहेर असतं, आचरणात नीट करणं हेच साध्य. तंबोरा बोलला नाही तर कारागिराचं काम फसलं. रोगी दगावला म्हणून शुश्रूषा फसली, असं म्हणता येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता 10 मार्च 1897 रोजी स्वतः प्लेगने गेल्या. किती वाचले, हा हिशेब आपण त्यांच्या बाबतीत मांडत नाही.

आता अडचण बघा. ‘सेवा’ म्हटलं की पगार, झोप, मनुष्यबळ यांविषयी विचारणं अप्रशस्त ठरतं. 2020 मध्ये आपण थाळ्या वाजवल्या. एका सिस्टरकडे किती खाटा, हे किती जणांनी विचारलं? खाटा वाढल्या तरी इंजेक्शनं होतात, चार्ट भरले जातात, कारण त्यांची तपासणी होते. ऐकण्याला रकाना नाही. ते आधी सुटतं, आणि आपण म्हणतो सिस्टर खेकसतात!

बरं, आता प्रश्न घेऊ.