रास नेमकी कधी संपते?



खळ्यात ज्वारीची रास आहे. एक दाणा उचलला, तर रास राहतेच. आणखी एक उचलला, तरी राहते. असं करत शेवटी एकच दाणा उरला, तर त्याला आपण रास म्हणत नाही. मग रास संपली कोणत्या दाण्याला?

सुमारे २,३०० वर्षांपूर्वीचं हे कोडं ग्रीक विचारवंत युब्युलिडीस यांचं मानतात. भरलं खळं म्हणजे रास, चार दाणे म्हणजे नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. घोळ मधल्या जागेत आहे. 'गरीब', 'म्हातारी', 'अशक्त' हे शब्दही असेच.

तरी कामासाठी रेघ ओढावीच लागते. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं, की रक्त कमी धरतात. गरोदर असेल तर साधारण ११ च्या खाली. पण ११.९ आणि १२.१ यांत फरक दाण्याएवढाच! म्हणून कागदावर १२.१ आलं, तरी धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर आपण गप्प बसायचं नाही. आशाताईंना सांगायचं, दवाखान्यात जायचं.

गटात 'जास्त अडचण असेल तिला आधी कर्ज' ठरवतानाही हेच. रेघ आपण ओढू, पण रेघेपाशी उभ्या असलेल्या बाईचं आधी ऐकून घेऊ.