बावटा लागला की होडी वर ओढतो, पण कोंबड्यांचं काय?



वादळाचा इशारा आला की आपण काय करतो? होडी वर ओढतो, नांगर-दोर बघतो, जाळी गुंडाळतो, इंजिन झाकतो. घरामागच्या खुराड्याची आठवण येते ती पाऊस सुरू झाल्यावर. तोवर निम्म्या कोंबड्या भिजलेल्या असतात. म्हणून आज त्याबद्दल लिहितोय.

ही बाब छोटी नाही. 1 जूनपासून मासेमारी बंद होते. त्या दिवसांत अंडी विकून भाजी-तेलाचा खर्च निघतो, अडीनडीला एखादा कोंबडा विकता येतो. अरबी समुद्रातली मोठी वादळं येतात तीही बहुतेक मे-जूनमध्ये आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. 17 मे 2021 च्या रात्री तौक्ते आपल्या समोरून वर सरकून दीव-उनाजवळ धडकलं. म्हणजे बंदीच्या तोंडाशीच.

आधी ठरवा : धोका पाण्याचा की वाऱ्याचा?

डुमस, हजिरा, मगदल्ल्याच्या बाजूला किंवा खाडीकाठी घर असेल तर पहिला धोका पाण्याचा. तिथे कोंबड्या उंचावर न्यायच्या. चलथाणला भरतीचं पाणी येत नाही, पण वारा येतो आणि पत्रा उडतो. तिथे माळ्यावर किंवा गच्चीवर नेण्यापेक्षा खालच्या पक्क्या खोलीत ठेवलेल्या बऱ्या. मात्र सखल गल्लीत राहणाऱ्यांनी खाडीपूर विसरू नये. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळी किंवा बाकडं तयार ठेवा.

किनाऱ्यावरच्या भावांची चलथाण-कडोदऱ्याला पाहुणे मंडळी असतील तर कोंबड्या आदल्या दिवशीच तिकडे पोचवा. ऐन वेळी रस्त्यावर झाडं पडलेली असतात.

इशारा आल्यावर काय करायचं

हवामान खातं साधारण 48 तास आधी सावधगिरीचा इशारा देतं आणि 24 तास आधी पक्का इशारा. पहिला इशारा आला की खुराड्याच्या कामाला लागा, दुसऱ्याची वाट बघू नका.

1. दाणा आणि पाणी तीन दिवसांचं भरून ठेवा. दहा कोंबड्यांना दिवसाला साधारण सव्वा किलो दाणा आणि अडीच लिटर पाणी लागतं. दाणा झाकणाच्या डब्यात ठेवा, पोत्यात नको.

2. कोंबड्या संध्याकाळी पकडा. अंधार पडला की त्यांना नीट दिसत नाही, त्या जागेवर बसून राहतात. दिवसा मागे धावलात तर त्याही दमतात, तुम्हीही.

3. मासळीचे प्लॅस्टिक क्रेट यासाठी उत्तम. पण आधी सोड्याने धुवून वाळवा, डिझेलचा वास राहू देऊ नका. एका क्रेटमध्ये तीन-चारच कोंबड्या, खाली भुसा, वर दुसरा क्रेट उपडा बांधायचा. डालगंही चालतं. थर्माकोलच्या पेटीत मात्र कोंडू नका, हवा मिळत नाही. पाय बांधून तर कधीच ठेवू नका.

4. घरात जागा असेल तर न्हाणीघर किंवा कोपऱ्यातली खोली द्या, स्वयंपाकाची जागा सोडून. खिडकीला गोणपाट लावून अंधार केला की त्या शांत राहतात. ऊब हवी म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवू नका. त्या धुराने माणसंही जातात.

खुराड्यातच ठेवायच्या असतील तर

ताडपत्री घट्ट गुंडाळली की काम झालं असं वाटतं. पण आपण दर्यावरची माणसं, आपल्याला कळायला हवं : सैल ताडपत्री म्हणजे शीडच. वारा भरला की खुराड्यासकट उचलून नेईल. ताडपत्रीवरून जुनं जाळं टाका, दोर चारी बाजूंनी खुंट्यांना बांधा आणि छपरावर वाळूची पोती ठेवा. सुटी वीट किंवा दगड ठेवू नका. वरच्या बाजूला हवेसाठी फट राहू द्या.

एकाच बाजूला आडोसा करून भागत नाही. तौक्तेसारखं वादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकतं तेव्हा आपल्याकडे वारा आधी पूर्वेकडून येतो आणि मग फिरत दक्षिणेकडून. चारी बाजू बघा. जाळ्याचे सुटे धागे कापून टाका. ते कोंबडीच्या पायात अडकतात, पोटातही जातात.

भिजलेली कोंबडी

बुडून मरतात त्याहून जास्त कोंबड्या भिजून, वारा लागून गारठतात. पिसं ओली झाली की अंगात ऊब राहत नाही. कोरड्या फडक्याने पुसा, कोरड्या भुशात ठेवा, कोमट गूळपाणी पाजा. पिल्लांना आधी घ्या.

वादळानंतर

ओला भुसा त्याच दिवशी काढा, चुना टाका. ओलीत रक्ती हगवण लागते, डासांमुळे देवी येते. बुरशी आलेला दाणा वाळवूनही देऊ नका, फेकून द्या. मानमोडीची लस वादळाआधीच, एप्रिलात टोचून घ्या. लस घेतल्यावर अंगात ताकद यायला आठ-पंधरा दिवस लागतात. आठ-पंधरा दिवस अंडी कमी झाली तर घाबरून कोंबडी विकू नका. ती धास्तावलेली असते, पुन्हा घालू लागते.

मेलेल्या कोंबड्या खाडीत टाकू नका, खाऊही नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. पण पुरण्याआधी फोटो काढा आणि तलाटीला कळवा. आपत्ती मदतीच्या नियमात पक्ष्यामागे 100 रुपये, एका कुटुंबाला जास्तीत जास्त 10,000 रुपये अशी तरतूद आहे. पंचनामा नसेल तर तेही मिळत नाहीत. वादळाआधी कोंबड्या मोजून मोबाइलमध्ये एक फोटो काढून ठेवा. आजारी जनावर-पक्ष्यासाठी 1962 वर फोन लावा.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं

बऱ्याचदा घरातला माणूस होडीपाशी असतो आणि हे सगळं आपल्या आया-बहिणींवर पडतं. ताई, घर सोडायला सांगितलं तर निघा. आसऱ्याच्या जागी कोंबड्या घेतीलच असं नाही. तेव्हा दाणा-पाणी उंचावर ठेवा, खुराड्याचं दार उघडं टाका, आणि पोरं-म्हाताऱ्यांना घेऊन चालू लागा. कोंबडीसाठी पाण्यात परत फिरू नका. पिल्लं पुन्हा आणता येतील.

ही माहिती घरच्या बायकांपर्यंत पोचवा. मोबाइल नसेल तिला वाचून दाखवा.

— आपली संस्था