हॉटेलचं झालं विद्यापीठ!

सापाचा अभ्यास करायचं ठरवलं म्हणून कुणाची शाळा बंद पडेल का? अमेरिकेत एका मास्तरांच्या बाबतीत तसं घडलं.

त्यांचं नाव डॅनियल पेन. जन्म 1811 चा, दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरातला. कातडी काळी, पण ते गुलाम नव्हते. 1829 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी त्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली. व्याकरण, भूगोल, खगोल, प्राणी, वनस्पती, सगळं ते आधी स्वतः शिकत आणि मग मुलांना शिकवत. एकदा सूर्यग्रहण लागलं, तर पेन ते नुसत्या डोळ्यांनी शेवटपर्यंत बघत राहिले! मग काही दिवस त्यांना पुस्तकातली अक्षरंच दिसेनात. डोळ्यातलं भिंग सूर्याचं तेज आतल्या पडद्यावर एका ठिपक्यात गोळा करतं, आणि त्या पडद्याला वेदना कळतच नाही. म्हणजे डोळ्याला इजा होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तुम्ही ग्रहण बघाल ते खास चष्म्यातूनच बघा हं!

तर तो साप. अभ्यासासाठी साप विकत आणायला पेन यांनी तीन मुलांना एका मळ्यावर पाठवलं. मळेवाल्यांनी मुलांना अडवून खोदून खोदून विचारलं, तुमच्या शाळेत शिकवतात तरी काय? उत्तरं ऐकून ते चांगलेच हादरले. काळी मुलं एवढं शिकली तर उद्या गुलामी टिकायची कशी? यातूनच आपल्या शाळेवर संकट आलं, असं पेन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं आहे. 1834 मध्ये राज्याने गुलामांना लिहावाचायला शिकवण्यावर बंदी घातली आणि काळ्या मुलांच्या अशा शाळांनाही कुलूप लागलं. पेन उत्तरेला निघून गेले.

आता चला उत्तरेतल्याच ओहायो राज्यात. 1803 मध्ये हे राज्य झालं तेव्हापासूनच इथे गुलामी नव्हती. म्हणजे सगळं छान होतं का? छे! 1807 च्या कायद्याने इथे राहायला येणाऱ्या काळ्या माणसाला 500 डॉलरचा जामीन मागितला जाई. जंगलांतून, चिखलातून घोड्यावर फिरणारे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक इथल्या वस्त्यावस्त्यांत पोचले होते. या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली गुलामीचे कट्टर विरोधक. 1791 मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी गुलामीविरुद्ध लढणाऱ्या इंग्लंडच्या विल्यम विल्बरफोर्सना पत्र लिहून कळवलं, की लढा सोडू नका. पण अमेरिकेतल्या मेथडिस्टांना गुलामीला असा विरोध करणं पेललं नाही. गुलामीवरूनच 1844 मध्ये पंथाचे दोन तुकडे झाले. काळ्या मेथडिस्टांनी तर भेदभावाला कंटाळून 1816 मध्येच आपला वेगळा चर्चसंघ उभारला होता. मला विचाराल तर वेस्लींचे खरे वारस हेच!

ओहायोत झीनिया गावाजवळ खनिज पाण्याचे झरे आहेत. पावसाचं पाणी चुनखडीच्या खडकातून झिरपतं, जाताजाता खडकातली खनिजं विरघळवून घेतं आणि खाली झऱ्यातून बाहेर येतं. हे पाणी प्रकृतीला चांगलं, अशी समजूत होती. म्हणून तिथे मोठं हॉटेल बांधलं गेलं आणि दक्षिणेचे मळेवाले तिथे उन्हाळा घालवायला येऊ लागले. 1856 मध्ये मेथडिस्टांनी त्याच हॉटेलात काळ्या मुलांसाठी कॉलेज उघडलं आणि त्याला विल्बरफोर्सचं नाव दिलं. गंमत पाहा, इथले बरेचसे विद्यार्थी दक्षिणेतल्या मळेवाल्यांची आणि त्यांच्या गुलाम स्त्रियांची मुलं होती! मग अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा पैसा आटला आणि 1862 मध्ये कॉलेज बंद पडलं.

आता पुन्हा आले आपले पेनमास्तर. तोवर ते काळ्या मेथडिस्टांचे बिशप झाले होते. 10 मार्च 1863 ला त्यांना सांगण्यात आलं, की कॉलेजची जागा विकायची आहे, हवी असेल तर आत्ताच बोला. किंमत 10,000 डॉलर, आणि पेन यांच्या हातात दहा डॉलरही नव्हते. तरी ते म्हणाले, घेतो! चर्चच्या गोरगरीब माणसांनी वर्गणी दिली. पेन कॉलेजचे अध्यक्ष झाले. अमेरिकेत कॉलेजचा अध्यक्ष होणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

पण 14 एप्रिल 1865 ला, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांना गोळी घातली गेली त्याच दिवशी, कुणीतरी कॉलेजची इमारत पेटवून दिली. पेन यांनी ती पुन्हा बांधायला घेतली. पुढे थोर विद्वान ड्यू बॉईस इथे शिकवून गेले. 1974 च्या टोर्नेडो वादळाने बऱ्याच इमारती पाडल्या, तरी ही संस्था टिकून राहिली. विल्बरफोर्स विद्यापीठ आजही सुरू आहे.

गुलामीविरुद्धच्या या लढ्याची बातमी पुण्यापर्यंत पोचली होती, बरं का! 1873 मध्ये जोतिराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. ग्रंथालयात हे पुस्तक मागा आणि त्याची अर्पणपत्रिका स्वतः वाचा.