कापूर, कागद आणि पीचमधला पोरगा

आरतीच्या तबकातला कापूर ओळखीचा आहे ना? या कापराचं आणि कार्टूनचं जुनं नातं आहे बरं का! खोटं वाटतंय? मग चला शंभर वर्षांपूर्वीच्या जपानात.

तिथली पहिली कार्टूनं पडद्यावर आली 1917 साली. सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्याशेजारी 'बेन्शी' उभा राहायचा आणि सगळ्यांचे आवाज काढत गोष्ट सांगायचा. त्या वर्षीचं एक कार्टून आजही बघता येतं. बोथट तलवार घेऊन ऐटीत निघालेला सामुराई त्यात स्वतःच मार खातो! हे कार्टून जवळजवळ नव्वद वर्षांनी ओसाकाच्या जुन्या बाजारात सापडलं.

आता जरा हिशेब करू. चित्र हलतंय असं वाटायला तेव्हा सेकंदाला साधारण 16 चित्रं लागायची. म्हणजे मिनिटाला 960! मागचं झाड, डोंगर, घर 960 वेळा काढायचं? छे! त्यासाठी पारदर्शक सेल्युलॉइड होतं. झाड एकदाच काढायचं आणि वर पात्राचं पारदर्शक पान बदलत राहायचं. हे सेल्युलॉइड नायट्रिक आम्लात मुरवलेला कापूस आणि आपला कापूर यांच्यापासून बनायचं.

पण ते होतं फार महाग. मग जपानी चित्रकारांनी हातात घेतली कात्री! डोकं, हात, पाय कागदाचे वेगवेगळे कापायचे. पाय किंचित सरकवायचा, फोटो काढायचा. पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. यासुजी मुराता यात पटाईत होते. नोबुरो ओफुजी तर 'चियोगामी' हा नक्षीदार रंगीत कागदच कापायचे.

1933 साली केन्झो मासाओका यांचं बोलकं कार्टून आलं. 1934 च्या एका कार्टूनमध्ये मिकीसारखा दिसणारा उंदीर चक्क वटवाघळावर बसून बेटावर हल्ला करतो. मग गोष्टीच्या पुस्तकातून धावून येतो मोमोतारो. पीच फळातून जन्मलेला हा पोरगा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला घेऊन राक्षसांशी लढतो. जपानी मुलांचा हा लाडका वीर.

पुढे महायुद्ध पेटलं. सेल्युलॉइडच्या त्याच आम्लात मुरवलेल्या कापसाची बंदुकीची दारूही होते! आणि मोमोतारोही आरमाराच्या कामाला जुंपला गेला. आरमाराच्या मदतीने मित्सुयो सेओ यांनी 1943 साली 37 मिनिटांचं कार्टून केलं. त्यात राक्षसांचं बेट म्हणजे अमेरिकेचा आरमारी तळ, पर्ल हार्बर. 1945 साली 74 मिनिटांचं दुसरं आलं, जपानचं पहिलं पूर्ण लांबीचं कार्टून. ओसाकात ते पाहून 16 वर्षांचा ओसामु तेझुका भारावला. पुढे त्यानेच 'अॅस्ट्रो बॉय' हा यंत्रमानव पोरगा घडवला.

गोष्ट तीच, कुत्रा-माकड तेच, फक्त राक्षस बदलला. म्हणून दोस्तांनो, कार्टून बघा, पोट धरून हसा. पण मध्येच एकदा विचारा, यातला राक्षस कोणी ठरवला?